मॅनेजरसाहेबांनी ताणा धरला त्याची हकिगत

भंडारदरा, ता. अकोले
१८ नोव्हेंबर

ती. गिदोन भाऊजी यांच्या सेवेशी, ग्रेसचा प्रभूत सलाम.

मी इथे खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो आधी तुम्हाला कळवतो आणि मग तुम्ही आम्हा सगळ्यांना कळवता, म्हणून विचारलं. ब्लड प्रेशरची गोळी वेळेवर घेता ना? आजची राहिली असेल तर हे पत्र पुढे वाचायच्या आधी घ्या, आणि घेतली असेल तरी जेवण झाल्यावरच वाचा. (फोन का केला नाही म्हणाल, तर इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढून धरणाकडे तोंड केलं तरच येते, आणि एकसष्टाव्या वर्षी टाकीवर चढून बोलणी खायची माझी तयारी नाही. शिवाय फोनवर तुम्ही लगेच हेडमास्तर होता. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.)

ओंकारचा फोन तुम्हाला येऊन गेला असणार. परवा तो टाकीवर चढताना मी खिडकीतून पाहिला. एकाच हाताने शिडी धरत होता, कारण त्याचा दुसरा खांदा दुखतोय. का दुखतोय ते पुढे येईल. तो तुमचा जुना विद्यार्थी, आता एवढ्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर, आणि तुमच्या शब्दाखातर त्याने मला नोकरीला ठेवलं, हे मी विसरलेले नाही. निघताना तुम्ही मला एसटी स्टँडवर सांगितलंत, "ग्रेस, तिथे शांत बसायचं, हसायचं आणि कशात हात घालायचा नाही." भाऊजी, अठ्ठावीस वर्षं विणकाम केंद्रात काढलेल्या बाईला मागासमोर बसवायचं आणि हात घालू नको म्हणायचं, हे तुम्हाला तरी जमलं असतं का? तुम्हाला फळ्यावर चुकीचं लिहिलेलं दिसलं तर परक्या शाळेतसुद्धा तुम्ही डस्टर शोधता. तर सुरुवातीलाच सांगते: तुमच्या नावाला बट्टा लागला असेल तर त्याचं वाईट वाटतं. जे केलं त्याचं अजिबात वाटत नाही.

आता पहिल्यापासून सांगते. हॉटेलात शिरलं की मोठी लॉबी आहे, तिला लागूनच उघडा जेवणाचा हॉल, आणि लॉबीत माशांच्या काचेच्या पेटीशेजारी माग. चांगला आहे माग. सागवानी, जमिनीवर उभा, बसायला फळी, पायाखाली दोन पावड्या. मालकीणबाई सुकन्या मॅडम पुण्याला असतात, त्यांनी तो कुठल्याशा बंद पडलेल्या केंद्राच्या लिलावातून आणला. समोर पाटी होती: "शेकडो वर्षांचा पारंपरिक आदिवासी माग". आणि मागच्या खांबावर लोखंडी पट्टी होती: "नग नं. १७". मी ओंकारला ती दाखवली. तो म्हणाला, "मावशी, गेस्ट मागे जाऊन बघत नाहीत." मला नऊवारी नेसून सकाळी आणि संध्याकाळी तीन-तीन तास बसायचं होतं, आणि कुणी विचारलं तर ही कला पणजीकडून आली असं सांगायचं होतं. (नऊवारी शिवलेली होती, कमरेला इलॅस्टिक. माझी पणजी वडाळ्याच्या मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि तिने जन्मात माग पाहिला नव्हता. इलॅस्टिकही नव्हतं.)

मी फळीवर बसले, पावडीवर पाय ठेवला आणि पावडी हललीच नाही. खाली वाकून पाहिलं तर दोन्ही पावड्या फरशीला चिकटवलेल्या. सजावट करणाऱ्या माणसाने माग फोटोवरून जोडला होता, आणि फोटोत काही हलत नाही.

तुमचा सख्खा भाऊ, आमचा योसेफ, जन्मभर मागांची जोडणी करत होता, तरी तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की तो करतो तरी काय, म्हणून आता थोडक्यात सांगते. ताणा म्हणजे उभे धागे. ते मागच्या रुळावरून पुढच्या रुळापर्यंत येतात. मध्ये दोन चौकटी टांगलेल्या असतात. एक धागा पहिल्या चौकटीच्या दोऱ्यांतून, पुढचा दुसऱ्या चौकटीच्या, असे एकाआड एक ओवायचे. दोन्ही चौकटी एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधायच्या आणि ती दोरी वर कप्पीवरून घ्यायची. एक पावडी दाबली की एक चौकट खाली येते आणि तिच्याच ओढीने दुसरी वर जाते. निम्मे धागे खाली, निम्मे वर, आणि मध्ये तोंड उघडतं. त्या तोंडातून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. फणीने ठोकायचं, दुसरी पावडी दाबायची, वरचे खाली, खालचे वर, धोटा परत. बस, एवढंच कापड असतं. पण सगळे धागे सारखे ताणलेले असले तरच तोंड स्वच्छ उघडतं. सैल धागा मध्ये लोंबतो आणि धोट्याच्या वाटेत येतो, फार आवळलेला तुटतो. इथे दोन्ही चौकटी वरच्या दांडीला तारेने गच्च बांधलेल्या आणि ताणा असा की काही धागे वीणेच्या तारेसारखे, काही बाजेच्या सुतळीसारखे. तोंडच नाही, तर धोटा जाणार कुठून? मी बोटाने एकेक धागा उचलून धोटा खालून सरकवत होते, जसं आपण मोज्याला रफू करतो.

तिसऱ्या दिवशी नाशिकच्या एका बाईंनी विचारलं, "मावशी, एक साडी व्हायला किती दिवस लागतात?" मी मनात हिशोब केला आणि खरं ते सांगितलं, "या वेगाने पंचवीस वर्षं." त्या हसल्या. ओंकार हसला नाही. मला ऑफिसात बोलावून म्हणाला, "सहा महिने सांगायचं." मी म्हटलं, "सहा महिने सांगायचं असेल तर माग सहा महिन्यांचा करून दे." तो म्हणाला, "मावशी, तो शोपीस आहे." भाऊजी, तुम्ही मला ओळखता. माझ्या पायाखाली दोन पावड्या असताना मला कुणी शोपीस म्हणालं, आणि मी गप्प बसले, असं होईल का?

इथे बिभीषण नावाचा वायरमन आहे. नळ, गीझर, लाइट सगळं तोच बघतो. पन्नाशीचा, शेंडी गावाजवळचा. हॉटेलचं कुठलंही यंत्र बंद असलं की याच्या जिवाला लागतं. मी त्याला चिकटवलेल्या पावड्या दाखवल्या. तो खाली बसला, पावडी ओढून पाहिली आणि म्हणाला, "बाई, हे तर लई वंगाळ केलंय. चालत्या जनावराचं पाय बांधल्यावानी." त्याच दुपारी त्याने छिन्नीने पावड्या सोडवल्या. चौकटींच्या तारा कापल्या. कप्प्या हव्या होत्या, त्या एकशेचार नंबरच्या खोलीच्या पडद्यांतून निघाल्या. (त्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. नंतर आलं, आणि त्यांना पडदा उघडता येईना, हे ओंकारने तुम्हाला सांगितलं असेल. त्यांना धरण बघायचं असेल तर बाहेर ओटा आहे.)

पावडी दाबल्यावर चौकट हलली, आणि मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. लिहायला बसले तर तुम्ही म्हणाल म्हातारीला रडू आलं. पाय आपोआप चालू लागले. हातही चालू लागला, आणि तिथेच चूक झाली. चौकटी हलल्या तरी ताणा जुनाच होता, सैल धागे तोंडात लोंबत होते, आणि मी धोटा फेकला तो केंद्रातल्यासारखा, पूर्ण हाताने. तो सैल धाग्यांवर चढला, उसळला आणि तोंडातून बाहेर पडून सरळ जेवणाच्या हॉलकडे गेला. दुपारचे दीड वाजले होते. आमटीच्या मोठ्या भांड्याचं झाकण उघडं होतं. धोटा त्यात पडला आणि आमटी एका गृहस्थांच्या शर्टावर पुढून उडाली, ते गृहस्थ डॉक्टर होते आणि शर्ट पांढरा होता. मी धोटा मागायला गेले तेव्हा वाढणारी पोरगी दिपाली चिमट्याने तो बाहेर काढत होती. मी डॉक्टरांची माफी मागितली, मनापासून मागितली. ओंकारची मागितली नाही, कारण आमटी त्याच्या अंगावर उडाली नव्हती.

मग लक्षात आलं की ताणा काढून नव्याने गुंडाळल्याशिवाय गत नाही. सोमवारी हॉटेल रिकामं असतं. आम्ही सगळे धागे सोडून लॉबीतून थेट पोर्चपर्यंत पसरले. बिभीषणने टोक कमरेला बांधलं. मी मागचा रूळ फिरवायची आणि त्याने ओढ धरून पावलापावलाने पुढे यायचं, असं ठरलं. पहिल्यांदा तो रस्सीखेच समजून मागे वाकला, आणि अकरा धागे तुटले. म्हटलं, "बिभीषण, भांडायचं नाही. सासऱ्यासमोर उभा आहेस असा उभा राहा." मग जमलं. रुळावर एका थरावर दुसरा थर बसताना मध्ये जाड कागद घालावा लागतो, नाहीतर वरचे धागे खालच्यांत रुततात आणि प्रत्येकाची लांबी वेगळी होते. जाड कागद म्हणून काउंटरवरची रंगीत माहितीपत्रकं घेतली. शंभर-सव्वाशे लागली. चकचकीत, ताठ, अगदी हवा तसा कागद. (ओंकार म्हणतो गठ्ठाच संपला. संपला नाही, रुळात आहे. कापड होत जाईल तसा एकेक परत मिळेल.)

राहिलं वजन. मागच्या रुळाला दोरीचे दोन-तीन वेढे देऊन तिच्या टोकाला वजन टांगायचं. पुढे कापड गुंडाळताना दोरी सरकते, रूळ लागेल तेवढाच सुटतो, आणि वजन तेच असल्यामुळे ओढ पहिल्या वितीला असते तशीच शेवटच्या वितीला राहते. केंद्रात त्यासाठी लोखंडी वजनं होती. इथे खालच्या इमारतीतल्या व्यायामाच्या खोलीत दहा-दहा किलोचे दोन डंबेल्स होते आणि तीन आठवड्यांत मी तिथे एकही माणूस शिरलेला पाहिला नव्हता. वीस किलो लावल्यावर मी ताण्यावरून तळहात फिरवला. भाऊजी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा. एकही धागा खोटं बोलत नव्हता. पुढचे चार दिवस मी विणलं. नऊवारी ओंकारला परत दिली आणि माझी सहावारी खोचून बसले. लोक उभे राहून बघायचे, कुणी विचारलं की मी पावडी दाबून तोंड दाखवायची. दीड हात कापड झालं, पांढऱ्यावर निळी पट्टी.

आणि शनिवारी सुकन्या मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर ट्रॅव्हल कंपनीचे दोन पाहुणे होते. ते येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ओंकारला माहीत होतं, आणि नेमकं त्याच सकाळी कुणा गेस्टने डंबेल्स कुठे गेले म्हणून तक्रार केली. गाडी गेटात शिरताना ओंकार धावत आला. म्हणाला, "मावशी, हे जिमचं सामान आधी काढा." मी म्हटलं, "हात लावू नकोस, ताणा सुटेल." त्याने हात लावला. दोन्ही डंबेल्स हुकातून काढून बिभीषणच्या हातात दिले आणि त्याला खालच्या इमारतीकडे पिटाळलं. रूळ फिरला. सगळा ताणा, तीनशेच्या वर धागे, एकदम खाली बसला. ओल्या धुण्याची दोरी तुटावी तसा. फणी पुढे येऊन माझ्या पोटाला लागली. दारात मॅडमचा आवाज आला.

तेव्हा मी जे बोलले ते शब्द ओंकारने तुम्हाला सांगितले असतील. बरोबर आहेत. मी म्हटलं, "ओंकार, तू काढलंस, आता तूच धर. ती दोरी हाताला गुंडाळ आणि मागे झुक. सोडलीस तर मॅडमसमोर सगळं असंच लोंबणार." त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा ताण्याकडे, आणि दोरी धरली. सरळ झाला ताणा. मी तळहात फिरवून पाहिला. "थोडं अजून झुक," म्हटलं. तो झुकला. टाय खांद्यावर टाकला आणि झुकला.

मॅडम आणि पाहुणे मागासमोर येऊन उभे राहिले. मी पावडी दाबली, तोंड उघडलं, धोटा गेला, परत आला. दोन्ही पाहुणे धोट्याबरोबर मान हलवत होते. मग त्यातल्या बाईंना मागच्या बाजूला ओंकार दिसला. "हे काय करतायत?" त्यांनी विचारलं.

"हे वजन आहेत," मी म्हटलं.

"मॅनेजर ना हे?"

"एरवी मॅनेजर आहेत. आत्ता वजन आहेत."

ओंकार हसण्याचा प्रयत्न करत होता, पण वीस किलो ओढून धरलेल्या माणसाचं हसू वेगळं असतं. मी त्याला म्हटलं, "हसू नकोस, दोरी हलते." मध्येच बिभीषण रिकाम्या हाताने परत आला. खालचे गेस्ट डंबेल्स सोडायला तयार नव्हते. "अजून दोन येळा उचलायचं हाय म्हनतात," असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणजे ओंकारला धरून राहणं भाग होतं. पंचवीस मिनिटं धरलं त्याने. एक मात्र कबूल करते, ओढ त्याने सारखी धरली. तुमची शिस्त कुठेतरी मुरलेली आहे.

मॅडमनी मग पाठ केल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे ही कला किती पिढ्यांपासून आहे?" ओंकारने मागून मान हलवून मला खूण केली. मी म्हटलं, "पिढ्या नाहीत मॅडम. एकोणीसशे शहाऐंशीपासून. नोकरी होती. साडेआठ ते पाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. हा मागही तसल्याच केंद्रातला आहे, मागच्या खांबावर नंबर आहे, बघा. आमच्यासारख्याच बायका यावर बसल्या असतील. त्यांना कुणी आठवत नसेल तर नसू दे, पण त्यांच्या जागी माझी पणजी बसवू नका. तिने काही केलेलं नाही." मॅडम मागे गेल्या, वाकून पट्टी वाचली, बराच वेळ वाचली (पाचच अक्षरं आहेत), आणि सरळ जेवायला गेल्या. मला वाटलं, संपलं. ट्रंक भरून ठेवावी.

दुपारी बोलावणं आलं. मॅडम म्हणाल्या, पाटी काढा. दुसरी लावली आहे: "हातमाग. रोज ९ ते १२ चालू." म्हणाल्या, लोखंडी वजनं मागवा, मॅनेजरला रोज लावता येणार नाही. माझ्या नोकरीचं महिनाअखेरीला बघू म्हणाल्या. आणि पडदे, पत्रकं, डंबेल्स, आमटी आणि सर्वांसमोर केलेली अवज्ञा, या सगळ्याबद्दल मी ओंकारला लेखी माफीनामा द्यावा असं ठरलं. ओंकारने तो टाइप करून आणला. त्यात शेवटी वाक्य आहे, "यापुढे मी मागाला वरिष्ठांच्या परवानगीशिवाय हात लावणार नाही." मी सही केलेली नाही. करणारही नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही, बिशपांनी सांगितलं तरी नाही. महिनाअखेरीला काढलं तर माझी ट्रंक अर्ध्या तासात भरते. पण असली तर मी विणकर म्हणून असेन, इलॅस्टिक लावलेली पणजी म्हणून नाही. मला एसटी स्टँडवर दिलेला उपदेश तुमच्याकडे परत पाठवते आहे. एकदाही वापरलेला नाही, नवा आहे.

मंडळीतल्या सर्वांना सलाम. गुडघ्याला गरम मिठाचा शेक द्या.

आपली आज्ञाधारक (एवढ्यापुरती),
ग्रेस

ता. क. माफीनाम्यावर काल सही केली. पण ते वाक्य खोडून, आणि डंबेल्स एवढ्या एकाच बाबीपुरती. ओंकार चांगला आहे हो. खांद्याला आयोडेक्स लावून देते त्याला रोज, तेव्हा "मावशी, जरा हळू" म्हणतो. त्याने पुन्हा फोन केला तर तुम्ही मला खूप झापलंत असं सांगा. त्याला बरं वाटेल, आणि मीही दोन दिवस मान खाली घालून फिरेन. खरं मात्र झापू नका.

आणखी ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. योसेफच्या मातीनंतर त्याची आठवण म्हणून तुम्ही एक धोटा घेऊन गेलात. मी हो म्हणाले, कारण त्या आठवड्यात मी सगळ्यालाच हो म्हणत होते. नऊ वर्षं तो तुमच्या टेबलावर मंडळीचे कागद उडू नयेत म्हणून पडला आहे. भाऊजी, योसेफ माग जोडायचा, विणायला तो कधी बसला नाही. त्या धोट्यावर अंगठ्याची खाच आहे ना, जिच्यावरून तुम्ही बोट फिरवत बसता, ती माझ्या अंगठ्याची आहे. त्याने तो लग्नाच्या वर्षी मला करून दिला होता. तुम्ही त्याची आठवण नेली नाहीत, माझं हत्यार नेलंत, आणि इतकी वर्षं मला हे तुमच्या तोंडावर सांगता आलं नाही. इथला धोटा एका अंगाला जड आहे. माझा मला हवा आहे.

हे पत्र घेऊन बिभीषण येतो आहे. त्याची बहीण नगरकडच्या कर्जतला दिलेली आहे, त्याला तुमचं मिरजगाव वाटेवरच पडतं. त्याच्या पिशवीत धरणाखालचा एक काळा दगड आहे, धुऊन पुसून दिला आहे, तळाला सपाट आहे. तो कागदांवर ठेवा आणि धोटा त्याच्या हातात द्या. चहा दिलात तर बरं, साखर दोन चमचे. नाही म्हणायचं असेल तर माझ्याशी बोला, त्याच्याशी वाद घालू नका. दगड परत आणायचा नाही, असं मी त्याला बजावून पाठवलं आहे.